ख्रिस्ती लोक संतांना देव मानतात का? नसतील तर त्यांच्याकडून घेतात काय?

देव मानत नाहीत. कॅथलिक लोक संताला ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ म्हणतात, आराधना फक्त देवाची. बाकी सगळा भर अनुकरणावर. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघातले बंधू. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १८६२ मध्ये संत घोषित झाले. श्रद्धेपायी जीव देणारा माणूस लोकलच्या अंतरावरचा निघाला की आपल्या सबबी लंगड्या पडतात! दया बघायची तर भायखळ्याच्या आशादानमध्ये जा. मदर तेरेसांच्या सिस्टर्स टाकून दिलेल्या मुलांना तिथे घास भरवतात. नुसता नवस बोलून मेणबत्ती लावणारेही आहेतच. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाची (सलग नऊ बुधवारच्या प्रार्थनेची) गर्दी पाहा, त्यात ख्रिस्ती नसलेलेही भरपूर.