पाटल्यांची बातमी कुणाची?

डिचोलीहून लिहिणाऱ्या मैत्रिणीस,

तुमचं पत्र थोडक्यात असं: फुगडीच्या तालमीनंतर चौघी चहाला बसलात आणि तुम्ही म्हणालात, "बिचारीने पाटल्या सोसायटीत गहाण ठेवल्यात गो, चेड्याच्या (मुलाच्या) फीसाठी, मार्चपर्यंत." आठवड्याभरात त्याचं "घोवाने धंदा बुडवला, सोनं विकलं" झालं आणि ते तिच्या सासूच्या कानी गेलं. मैत्रीण आता तालमीला येत नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही सोडलाय. तुम्ही विचारता, मी काळजीने बोलले, ही चुगली कशी?

गजाली, म्हणजे इकडच्यातिकडच्या गप्पा, सगळेच करतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४६७ जणांचं बोलणं टिपलं होतं. गैरहजर माणसांविषयीचं बोलणं दिवसाला सरासरी ५२ मिनिटं भरलं, आणि त्यातलं तीन चतुर्थांश ना बरं ना वाईट. कुणाचा मुलगा वेर्ण्याला कामाला लागला, कोण गणेशचवथीला मुंबईहून येतंय, हे त्यातलंच. असं बोलणं तिच्या तोंडावरही करता येतं. पाटल्यांचं आलं असतं? तुमचा हेतू चांगला होता हे मान्य, पण ती बातमी तुमची नव्हतीच; तिने ती तुमच्याकडे ठेवायला दिली होती.

शिवाय "मार्चपर्यंत" हा शब्द वाटेत गळाला. अफवांचा अभ्यास करणाऱ्या ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ सालीच दाखवलं होतं की पाच-सहा तोंडांतून जाताना सुमारे ७० टक्के तपशील गळतो आणि उरलेला जास्त टोकदार होतो. आधी गळतात त्या मुदती, कारणं, "बहुतेक", "तात्पुरतं". उरतं ते सोनं आणि नवरा. म्हणून "मी एवढंच म्हटलं होतं" हा बचाव तिच्यापुढे करू नका.

तिच्या घरी जा, सासू घरात नसेल अशा वेळी. फोनवर नको, मेसेज तर नकोच, स्क्रीनशॉट फिरतो. मध्यस्थही नको, कारण मध्यस्थ म्हणजे आणखी एक तोंड. दहा मिनिटं पुरेत. म्हणा, "तू मला सांगितलेलं मी तिघींपुढे बोलले. चूक माझी." इथे थांबा. "पण मला काळजी होती" जोडलंत की माफीची कैफियत होते. पुढे कुणी काय वाढवलं याची नावं घेतलीत, तर तिथेच दुसरी चुगली सुरू. "माफ केलंस ना?" असंही विचारू नका.

एकच विचारा: "त्या तिघींना मी काय सांगू?" ती "काहीच नको" म्हणाली तर काहीच नको. ग्रुपवर खुलासा टाकलात, तर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळेल. तिने होकार दिलाच, तर एकेकीला वेगळं गाठून तिचेच शब्द सांगा.

एक अपवाद. घरात मारहाण असेल तर गप्प बसणं बरोबर नाही. तेव्हाही चहाच्या चौघींत नाही, तर तिच्याशी बोलून १८१ या महिला हेल्पलाइनवर.

तालमीत पुन्हा कुणी तिचा विषय काढला तर उपदेश नको. "ती आली की तिलाच विचारूया" म्हणा आणि पुढची फुगडी धरा.

यंदा ती फुगडीला आली नाही तर ओढून आणू नका. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास, बघायला मात्र नेहमीसारख्या तिच्याकडे जा. आणि ती प्रसाद देताना तिच्या मनगटांकडे बघू नका.