आजीनं पडद्याला हात का जोडले

प्रिय सई,

काल जेवताना तू विचारलंस तेव्हा आजी समोरच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. रविवारी आपण प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला, तर आजीनं पायातल्या सपाता काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि टीव्हीला हात जोडले. तू म्हणालीस, ‘तो नट आहे हे आजीला माहीत नाही का?’

चांगलं माहीत आहे. विष्णुपंत पागनीस हे नाव मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकलं. पण आजीनं सिनेमा पाहिला तो देवाच्या दारात, आणि तिथं चपला घालून कोणी बसत नसे.

आमच्या खटाव तालुक्यात पुसेगावला मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांची जत्रा भरते. रथ निघतो आणि लोक त्याला नोटांच्या माळा घालतात. त्याच जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. जुना ट्रक, त्यातच बसवलेलं मशीन, आणि पुढं कनातीचा लांबलचक तंबू. दिवसा कापडातून उजेड आत यायचा, म्हणून खेळ अंधार पडल्यावरच सुरू व्हायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा. पहिल्या खेळाआधी मशीनला हळदकुंकू, उदबत्ती, नारळ. खोबऱ्याचा तुकडा पुढच्या रांगेतल्या पोरांना मिळायचा. मलाही एकदा मिळाला होता. त्याला मशीनच्या तेलाचा वास होता, तरी मी तो सगळा खाल्ला.

बसायला घरून पोतं न्यायचं. मध्ये दोर बांधलेला, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी. मशीन एकच, त्यामुळं वीसेक मिनिटांनी रीळ संपलं की अंधार व्हायचा. दुसरं रीळ चढेपर्यंत बाया मागच्या गोष्टीवर बोलून घ्यायच्या. मला तो अंधार सिनेमाइतकाच आवडायचा.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. जत्रेत तमाशाचे फडही असायचे, पण तिथं बाईमाणसानं जायचं नाही असा रिवाज होता. सिनेमालाही घरातून सहज परवानगी मिळत नसे. मिळायची ती ‘देवाचा सिनेमा आहे’ म्हटल्यावर. आजीच्या सासूबाईंनी तिला पहिल्यांदा तंबूत पाठवलं ते ‘दर्शन घेऊन ये’ असं सांगून. म्हणून ती दर्शनच घ्यायची. वर्षातून एक रात्र, चूल नाही, पाणी भरणं नाही, शेजारी चार मैत्रिणी आणि समोर विठ्ठल. त्या रात्रीला ती हात जोडते असं मला वाटतं.

आणि हे काही तिच्यापासून सुरू झालेलं नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. चार वर्षांनी ‘लंकादहन’ आला, तेव्हा पडद्यावर राम दिसताच लोक साष्टांग नमस्कार घालायचे. त्यातला राम आणि सीता ही दोन्ही कामं एकाच माणसानं केली होती, अण्णा साळुंके यांनी. फाळक्यांना ते सापडले तेव्हा हॉटेलात काम करत होते. लोकांना नट कळत नव्हता असं नाही. मूर्तीसुद्धा कुणा पाथरवटानंच घडवलेली असते, हे त्यांना ठाऊकच होतं.

पागनीसांचा तुकाराम 1936 चा. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून जास्त चालला, आणि मग रिळांच्या पेट्या गावोगाव फिरत राहिल्या. आजीपर्यंत तो पोचला तोवर चित्र इतकं ओरबाडलेलं होतं की पाऊस पडतोय असं वाटायचं. रविवारी आपल्या टीव्हीवर तो स्वच्छ दिसला, तर ती मला हळूच म्हणाली, ‘अगं, ह्यात तर ऊन आहे.’

घरोघर टीव्ही आले, पुढं रिळंच बंद झाली आणि तंबू कमी होत गेले.

माझ्या कपाटात वरच्या खणात पत्र्याची कंपासपेटी आहे, ती काढ. रीळ तुटलं की ऑपरेटर चिकटवताना तुकडे कापून टाकायचा आणि आम्ही पोरं ते वेचायचो. माझ्याकडे एक उरलाय, चार चौकटींचा. प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं. अशा चोवीस चौकटी एका सेकंदात पुढं सरकायच्या. खिडकीपाशी उजेडात धरून बघ. एक हात दिसेल आणि त्यात चिपळ्या. कोणत्या सिनेमातला आहे ते मला कधीच कळलं नाही. आजीला दाखव, ती सांगेल.

तुझी,
आई