शाहाबादीची गुहा आणि सडलेलं अनुबियास

प्रश्न : दादा नमस्कार, मी जुळे सोलापुरात राहते. मुलाच्या हट्टापायी माशांचा दोन फुटी टँक घेतला त्याला दोन महिने झाले. खाली निळी खडी, मधे घराच्या कामातून उरलेल्या शाहाबादीचे तुकडे रचून गुहा केलीय. दुकानातून अनुबियास नावाचं पाण्यातलं झाड आणून खडीत चांगलं खोल दाबलं तर ते बुडातूनच सडायला लागलंय, आणि काचेवरचा हिरवा थर पुसून पुसून हात दुखले. पाणी बोअरचं आहे. गप्पी आणि मॉली मात्र मजेत आहेत. आता सरळ प्लॅस्टिकची झाडं आणू का?

उत्तर : ताई, थांबा जरा, प्लॅस्टिक कशाला. अनुबियास काही पाण्यामुळं मेलं नाही, तुम्ही त्याला पुरलंत म्हणून ते सडलं. त्याचं जे आडवं जाड खोड असतं ना, ज्यातून वर पानं आणि खाली मुळं फुटतात, ते खडीत गाडलं की कुजतंच. मऊ पडलेला भाग ब्लेडनं कापून टाका, कडक राहिलेला तुकडा दगडावर ठेवून सुती दोऱ्यानं बांधा. दोऱ्याला काय सोलापुरात तोटा आहे होय? तो गळून जाईपर्यंत मुळं दगडाला धरतात. जावा फर्न म्हणून दुसरं पाण्यातलं झाड मिळतं, त्याचंही असंच.

आता ती गुहा. शाहाबादी म्हणजे चुनखडक. तुकड्यावर दोन थेंब व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे येतील. म्हणजे हा दगड पाण्यात हळूहळू विरघळून क्षार वाढवणार, आणि आपलं बोअरचं पाणी आधीच जड, बादलीला पांढरं कडं धरणारं. गप्पी-मॉलीला जड पाणी मानवतं म्हणून ते मजेत आहेत, नाहीतर तुमचं पत्र वेगळंच आलं असतं. तरी मी असतो तर गुहा काढून आपला साधा काळा दगड घातला असता, तो बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही आणि हिरव्या पानांमागं दिसतो पण झकास. दगड बरोबर मधोमध नको, एका बाजूला सरकवून ठेवा. खडी मागं तीन इंच, पुढं दीड, म्हणजे एवढ्याशा टँकलाही खोली आल्यासारखी वाटते. निळ्या खडीबद्दल काही बोलत नाही, मुलाची आवड असणार.

झाडं निवडताना व्हिडिओतल्या लाल झाडांच्या आणि हिरव्या गालिच्याच्या नादी लागू नका, त्यांना बहुतेक वेळा सिओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस, मऊ पाणी, गारवा सगळं लागतं आणि आपल्याकडं मे महिन्यात टँकचं पाणीच ३२-३३ डिग्रीला जातं. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया लावा, लांब पट्ट्यांचं गवत असतं ते, जड पाण्यात मस्त पसरतं. हॉर्नवर्ट हे पाण्यातलं झाड तर टँकमधे नुसतं सोडून दिलं तरी वाढतं.

हिरवा थर येतो तो उजेड जास्त आणि खाणं जास्त झाल्यानं. लाईट सहा-सात तासच ठेवा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाला. टँक पश्चिमेच्या खिडकीजवळ असेल तर मागच्या काचेवर जुनी सोलापुरी चादर टाका, खरंच सांगतोय. दोन फुटी टँकमधे दगड-खडी धरून पंचेचाळीस-पन्नास लिटर पाणी बसतं, त्यातलं आठवड्याला दहा-बारा लिटर बदला, जमलं तर उजनीच्या नळाच्या पाण्यानं, पण ते पिंपात झाकण न लावता एक दिवस ठेवून मग घाला, क्लोरीन उडून जातं. उन्हाळ्यात वरून छोटा फॅन लावला की दोनेक डिग्री उतरतात, मात्र पाणी झपाझप आटतं आणि क्षार मागंच राहतात, म्हणून नुसती भर घालून भागत नाही, बदलायलाच लागतं. एअर पंप रात्री बंद करू नका, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

प्रश्न : हॉर्नवर्ट लई वाढलंय, छाटलेलं सिद्धेश्वर तलावात सोडलं तर चालेल का? तेवढीच माशांना सावली. (वाचक, बाळीवेस)

उत्तर : अजिबात नको. जलपर्णीसुद्धा मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेचं झाड म्हणूनच लोकांनी इकडंतिकडं नेली, आणि आपल्या संभाजी तलावाचं तिनं काय केलं ते तुम्ही बघितलंयच. छाटलेलं गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि तुळस सोडून कुठल्याही कुंडीत खत म्हणून घाला. तुळशीत का नको? आमची आई ओरडते, बाकी काही नाही.