‘आवश्यक ती कार्यवाही’ म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वरिष्ठांनी मेल दोनदा परत पाठवला, ‘सोपं लिहा’ म्हणाले, पण सोपं लिहिलं तर पोरकट वाटेल अशी धास्ती आहे. नमुन्याचं वाक्यही दिलंय: ‘सदर अहवालाबाबत आपण आवश्यक ती कार्यवाही परवापर्यंत करावी, ही विनंती.’

‘सदर’ काढून ‘या’ लिहिलं, ‘बाबत’ उडवलं, तरी हे वाक्य सुधारणार नाही. वाचणाऱ्याने अहवाल नुसता वाचायचा, चुका दाखवायच्या, सही करायची की पुढे पाठवायचा? पंधरा-सोळा वर्षं लोकांचे मसुदे तपासतोय. ‘आवश्यक ती कार्यवाही’ दिसली की मी समजून जातो, लिहिणाऱ्याचंच अजून ठरलेलं नाही. जड शब्दांची गोधडी त्यावर पांघरली की ते झाकलं जातं, एवढंच.

या वाक्यात आणखी दोन खड्डे आहेत, आणि ते खास मराठीतले आहेत. एक ‘परवा’. तो पुढेही असतो आणि मागेही. बोलताना क्रियापदावरून कळतं, इथेही पुढचाच हे कळतं. पण कुठल्या दिवसापासून मोजायचा? मेल तुम्ही सोमवारी रात्री पाठवलात आणि समोरच्याने मंगळवारी उघडला, तर तुमचा परवा बुधवारी येतो आणि त्याचा गुरुवारी. वार आणि तारीख लिहा, जमल्यास वेळही. नुसतं ‘शुक्रवारपर्यंत’ लिहिलं तर शुक्रवार धरून की सोडून, यावरही वाद झालेले मी पाहिलेत.

दुसरा खड्डा ‘आपण’. आदराने ‘तुम्ही’ म्हणूनही आपण, आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ म्हणूनही आपणच. ‘ग्राहकाला आपण कळवायचं आहे’ असा मेल पाच जणांना गेला की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी कळवेल. कामाच्या वाक्यात सरळ ‘तुम्ही’ लिहा, नाहीतर त्या माणसाचं नाव घ्या. ‘तुम्ही’ लिहिल्याने कुणाचा मान कमी होत नाही.

मीही हे ठेच लागूनच शिकलो. एका जुन्या नोकरीत सगळ्यांसाठी सूचना काढली होती: ‘प्रणालीच्या देखभालीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने सर्व संबंधितांनी आपापली प्रलंबित कामे विहित मुदतीत पूर्ण करावीत.’ भाषेवर मी स्वतः खूश होतो. दुपारपर्यंत फोन वाजत राहिला: संबंधित म्हणजे कोण, मुदत कुठली, सिस्टिम किती वेळ बंद? शेवटी पुन्हा लिहिलं: ‘शनिवारी रात्री १० ते रविवारी सकाळी ६ सिस्टिम बंद राहील. बिलं आणि रजेचे अर्ज शुक्रवारी संध्याकाळी ५ च्या आत भरा. अर्धवट भरलेला फॉर्म राहणार नाही, पुन्हा भरावा लागेल.’ फोन थांबले. दुसरी सूचना पोरकट आहे, असं कुणी म्हटलं नाही. आणि हो, त्यात मी ‘सिस्टिम’च लिहिलं. लोक जे बोलतात ते लिहावं. ‘प्रणाली’ म्हटल्यावर अर्ध्या लोकांना वेगळंच काही वाटलं होतं.

‘करण्यात येईल’, ‘घेण्यात आला’ या रचनेत कर्ता गायब होतो. ‘तपासणी करण्यात येईल’ऐवजी ‘लेखा विभाग तपासेल’ लिहिलं की कुणाला विचारायचं ते कळतं. मात्र तिला सरसकट फाशी देऊ नका. सहकाऱ्याकडून फाइल उडाली असेल आणि मेल तीस जणांना जाणार असेल, तर ‘फाइल चुकून डिलीट झाली’ एवढंच बरं. तिथे कर्ता मुद्दाम झाकायचा असतो.

साध्या भाषेसाठी २०२३ मध्ये आयएसओ २४४९५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्याचा भर लहान वाक्यांपेक्षा वाचकावर आहे: त्याला हवं ते मजकुरात आहे का, ते सापडतं का, समजतं का आणि वापरता येतं का. मला यातलं शेवटचं सगळ्यात कामाचं वाटतं. म्हणून मसुदा दाखवताना ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. त्या विषयाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, ‘हा मेल तुला आला तर आता काय करशील?’ तो अडखळला की तिथेच दुरुस्ती.

आता तुमचं वाक्य. सही हवी असेल तर: ‘अहवाल जोडला आहे. पान ४ वरचा खर्च तपासून गुरुवारी दुपारी ३ पर्यंत सही करून पाठवाल का? त्याच संध्याकाळी तो ग्राहकाला द्यायचा आहे.’ पान आणि वेळ मी अंदाजाने घातलेत. तुम्हाला सही हवी आहे की फक्त नजर, ते कळवलंत तर विषयाची ओळही सुचवतो. सध्याच्या ‘अहवालाबाबत’वरून तर काहीच कळत नाही.