प्लांट वाळूजहून शेंद्र्याला हलतोय, काही लोक कमी होणार. एचआर म्हणून हे माणुसकीनं कसं हाताळू?

छत्रपती संभाजीनगरात वाळूज आणि चिकलठाण्यातल्या कारखान्यांत एचआरचंच काम करत आलोय, त्यावरून सांगतो. तुमच्या मॅनेजमेंटला वाटत असेल की ही गोष्ट अजून गुपित आहे. मशीनची मापं घ्यायला बाहेरची माणसं येऊन गेली असतील, तर त्याच संध्याकाळी बातमी टपरीवर पोचलेली असते. तेव्हा सांगायचं लांबवू नका. सुपरवायझर आणि युनियनच्या पोरांना सकाळी, बाकीच्यांना त्याच दिवशी, प्रत्येक शिफ्टला समोरासमोर. नोटीस मराठीत लावा. इंग्रजी नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि तिचा अर्थ सगळ्यात घाबरलेला माणूस लावतो.

भाषणात ‘आपलं कुटुंब’ वगैरे टाळा. एका बैठकीत साहेबांनी असं बरंच बोलून झाल्यावर मागून एक ऑपरेटर उठला आणि म्हणाला, “साहेब, ते समदं ठीक हाये. पहिल्या पाळीची गाडी पंढरपुरातून किती वाजता हलणार?” (विठोबाचं नव्हे, वाळूजचं पंढरपूर.) उत्तर कुणाकडेच नव्हतं.

खरी दया तुम्हाला इथंच दाखवायचीय. वाळूज आपल्या शहराच्या पश्चिमेला, शेंद्रा पूर्वेला जालना रोडवर, मधे अख्खं शहर. रांजणगाव-जोगेश्वरीत खोली घेऊन राहणारा माणूस सातच्या शिफ्टला पोचायचा तर पहाटेच निघणार. गंगापूर तालुक्यातून मोटारसायकलवर येणाऱ्याचे तर विचारूच नका. बसचा मार्ग, थांबे आणि वेळ ठरल्याशिवाय घोषणा करू नका. शिफ्टच्या वेळा बदलणार असतील तर कायद्यानं २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, पण घर हलवणाऱ्याला २१ दिवसांत काय होतंय? डिपॉझिट, पोरांची शाळा, बायकोचं शिवणकाम, सगळं उचलायचं असतं. जमलं तर मार्चमध्ये सांगा आणि परीक्षा संपल्यावर मे महिन्यात हलवा. जून नकोच. शाळा उघडते आणि त्याच वेळी पेरणी. तुमच्या निम्म्या लोकांची गावाकडं थोडीफार कपाशी नाहीतर तूर असेल, ते रजा मागणारच.

आता कमी होणाऱ्यांचं. वर्षभर काम झालेल्या कामगाराला किमान महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार, हा त्याचा हक्क आहे. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे वेगळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, नवं काम शिकता यावं म्हणून ठेवलेल्या कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार मिळतो, तो ४५ दिवसांत खात्यावर यायला हवा. हे आकडे माणसागणिक कागदावर मांडा आणि बंद खोलीत, खुर्चीवर बसवून त्याच्या हातात द्या. घरी दाखवायला घेऊन जाऊ द्या, सही लगेच मागू नका. सकाळी गेटवर पंचिंग होत नाही म्हणून माणसाला कळणं, हे मी बघितलंय. त्याहून वाईट रीत नाही. साधारणपणे त्या त्या कामात शेवटी लागलेला आधी जातो आणि पुढं वर्षभरात भरती निघाली तर त्यालाच आधी विचारायचं असतं. हे दोन्ही नियम त्याला स्वतःहून सांगा.

कंत्राटी पोरांना सगळे विसरतात. तुमच्या यादीत ती नसतात, त्यांना ‘ब्रेक दिला’ की विषय संपला असं कंत्राटदार समजतो. त्याचं शेवटचं बिल पास करण्याआधी पीएफ भरल्याचे पुरावे घ्या आणि प्रत्येकाची नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर चढलीय का ते बघा. ती नसली की पोरगं पीएफ काढायला महिनोन्‌महिने हेलपाटे घालतं.

आणि शेजारच्या कंपन्यांना फोन करणार असाल तर माणूस सुटण्याआधी करा, त्यानं कोणतं मशीन किती वर्षं चालवलं ते सांगून. ‘चांगला मुलगा आहे’ एवढ्यावर कुणी घेत नाही.