ॲनिव्हर्सरीला गगनबावड्याला गेलो आणि न बोलता परत आलो, आमचं संपलंय का?

दसरा ते दिवाळी या दिवसात माझ्याकडं, म्हणजे जोडप्यांच्या समुपदेशकाकडं, हा प्रश्न हमखास येतो. कुणी पन्हाळ्याला गेलेलं असतं, कुणी आंबा घाटाला, कुणी दाजीपूरकडं. पाऊस ओसरलेला असतो, डोंगर अजून हिरवेगार, दिवाळीचा खर्च अंगावर यायचाय, त्यामुळं दोघंच एक दिवस बाहेर जायला हाच काळ बरा पडतो. आणि मग परत आल्यावर दोन दिवसांनी फोन येतो की मॅडम, एवढी मुलं घरी ठेवून गेलो आणि आम्हाला बोलायलाच काही नव्हतं, किंवा भांडूनच आलो, म्हणजे आता आमच्यात काही उरलं नाही का. ही भीती खरी असते, ती हसण्यावारी नेऊ नये. म्हणून एका जोडप्याचं सांगते. त्यांना विचारून लिहितेय, नावं आणि ओळख पटेल असं बाकीचं सगळं बदललंय.

वैशाली आणि संदीप म्हणूया. लग्नाला दहा वर्षं होऊन गेलेली. तो शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर, ती खाजगी शाळेत शिक्षिका, मुलगी तिसरीत, सासूबाई सोबत. लग्न दसऱ्याचं, साडेतीन मुहूर्तातलं, पण दसऱ्याला घरात नैवेद्य, पाहुणे, सोनं वाटायला दहा घरं फिरायची, त्यात यांच्या लग्नाचा वाढदिवस कुणाच्या लक्षातच राहत नाही. म्हणून यंदा संदीपनं तारखेप्रमाणं करायचं ठरवलं, दसऱ्यानंतर चार दिवसांनी, आणि गगनबावड्याचा बेत केला.

सकाळी सातला निघायचं होतं, निघाले साडेनऊला. कंपनीतून फोन आला, भट्टीचं काहीतरी अडलं होतं, तो जिन्यात उभा राहून बोलत बसला आणि ही नवीन ड्रेस घालून हॉलमध्ये चप्पल घालून बसलेली. मग गाडीवरून रंकाळा, फुलेवाडी, बालिंगा, कळे. कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, वारा, त्यामुळं जाईपर्यंत धड एक वाक्य बोलता येत नाही, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं, लोक म्हणतात वाटेत गप्पा मारू आणि गाडीवर गप्पा होत नसतात. कळ्याच्या पुढं एक गुऱ्हाळ नुकतं सुरू झालेलं दिसलं, चुलवाणाचा धूर, चिपाडाचा ढीग. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे दोघं याच रस्त्याला असंच एका गुऱ्हाळावर थांबले होते आणि काहिलीतली गरम काकवी खाल्ली होती. वैशालीनं त्याच्या खांद्यावर दोनदा हात मारला, थांबा की जरा. तो मान न वळवता म्हणाला, येताना थांबू, उशीर झालाय.

वर पोचले तर कोकणातून ढग चढून आलेले, घाटाकडं बघितलं तर नुसतं पांढरं. दरी दिसली नाही, काही दिसलं नाही. त्यानं सेल्फी काढला, स्टेटसला टाकला, हॅपी ॲनिव्हर्सरी बायको, आणि जेवायला बसल्यावर कोण कोण काय काय म्हणालंय ते वाचून दाखवायला लागला. तिचं तिथं डोकं गेलं. तुम्हाला माझं कधी काही ऐकायचंच नसतंय. तो म्हणाला, खाडा करून आणलंय तुला एवढ्या लांब, त्याचं काय? झालं. येताना पाऊस लागला, गुऱ्हाळ अंधारात मागं गेलं, घरापर्यंत दोघं गप्प.

ती एकटीच आली माझ्याकडं. म्हणाली, "मॅडम, मी रडलो असतो तर बरं झालं असतं. मी काय बोललोच नाही. घरात पोरगी असते, आई असतात म्हणून कळत नाही, पण दोघंच असलो की कळतंय, आमच्यात काय नाहीच."

यावर मी लगेच असं काही नाही, सगळं ठीक होईल म्हणत नाही. मी आधी बाकीच्या वर्षाचं विचारते. आजारी पडलात तर कोण उठतं, पगार झाला की घरात काय बोलणं होतं, हसण्यासारखं काही घडलं तर पहिल्यांदा कुणाला सांगावंसं वाटतं. शेवटच्या प्रश्नाला ती जरा थांबली आणि म्हणाली, "ह्यांनाच. पण हे फोनवर असतात." मला हे उत्तर महत्त्वाचं वाटतं. जिथं नातं खरंच संपत आलेलं असतं तिथं सांगावंसं वाटणंच बंद झालेलं असतं. इथं सांगावंसं वाटत होतं, पण समोर पोचत नव्हतं, आणि यावर काम करता येतं.

अमेरिकेत जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञानं नवीन लग्न झालेल्या जोडप्यांना एका फ्लॅटसारख्या प्रयोगशाळेत राहायला बोलावून त्यांचं साधं साधं बोलणं बघितलं होतं. एक जण म्हणतो, ते बघ बाहेर काय चाललंय. दुसरा बघतो, किंवा बघत नाही. एवढंच. सहा वर्षांनी बघितलं तर जी जोडपी टिकली होती त्यांनी अशा शंभर हाकांपैकी ८६ वेळा प्रतिसाद दिलेला होता आणि ज्यांचा घटस्फोट झाला होता त्यांनी फक्त ३३ वेळा. म्हणजे टिकणारी माणसंसुद्धा चौदा वेळा चुकवतातच. वैशालीची खांद्यावरची थाप ही अशीच एक हाक होती, ती त्या दिवशी चुकली. एका दिवसावरून वर्षाचा निकाल लावायचा नसतो, आणि ॲनिव्हर्सरीचा दिवस तर त्यासाठी सगळ्यात वाईट, कारण वर्षभर ज्याला वेळ मिळाला नाही ते सगळं आपण त्या आठ तासांवर लादतो. मोकळा वेळ, फोटो, जेवण, जुन्या आठवणी, मनातलं बोलणं, सगळं एकाच दिवशी. तेवढं ओझं कुठल्याच दिवसाला झेपत नाही.

पुढच्या वेळी संदीप आला. जरा अवघडूनच बसला होता, त्याला वाटलं मी त्याला रागवणार. मी दोघांना एकच काम दिलं, त्या दिवसाची हकीकत सकाळपासून एकानं सांगायची, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही, संपल्यावर फक्त आपल्याला काय समजलं ते सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन मिनिटांच्या आत "पण तू" बाहेर पडतंच.

संदीपनं सांगितलं की त्या एका सुट्टीसाठी त्यानं दोन नाईट शिफ्ट दुसऱ्याच्या घेतल्या होत्या. मागचा टायर गुळगुळीत झालाय हे त्याला रंकाळ्यावरच आठवलं आणि वर धुकं दिसल्यापासून त्याच्या डोक्यात एकच, अंधाराच्या आत घरी पोचायचं. हे तो एका शब्दानं बोलला नव्हता, बायको घाबरेल म्हणून. मग म्हणाला, "गुऱ्हाळ मला पण दिसलंवतं की. काकवी खाल्लेली ती आठवली मला. म्हटलं येताना निवांत थांबून सरप्राईज देऊया." वैशाली इतका वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती, तिनं वर बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मग सांगायचं न्हाई व्हय?"

त्यानंतर आम्ही बोलण्याच्या सुरुवातीवर काम केलं. गॉटमन यांच्याच अभ्यासात दिसलं होतं की भांडणाच्या पहिल्या तीन मिनिटांत सूर कसा लागतो त्यावरून ते जोडपं पुढं टिकेल का याचा बराच अंदाज येतो. "तुम्हाला कधी माझं ऐकायचंच नसतंय" असं सुरू केलं की समोरचा आपला बचाव करायला लागतो, तुमचं म्हणणं त्याच्या कानातच जात नाही. मी तिला म्हटलं, त्या दिवशी नक्की काय पाहिजे होतं ते फक्त सांगा. ती म्हणाली, मला गुऱ्हाळावर थांबायचं होतं, ते राहिलं, वाईट वाटलं. आणि लगेच, "असं कोण बोलतंय मॅडम घरात!" बरोबर आहे, पुस्तकी बोलायची गरजच नाही. "थांबूया की हो, मला लई वाटतंय" एवढं म्हटलं तरी त्यात आरोप नाही आणि मागणी स्पष्ट आहे. संदीपलाही तेच, "टायर गेलाय, मला टेन्शन आलंय, म्हणून घाई करतोय" हे वाक्य त्यानं बोलून बघितलं तेव्हा त्याला स्वतःलाच मोकळं वाटलं. आपल्याकडं पुरुषांना भीती वाटते हे बोलायला फार जड जातं, आणि बायकोला फक्त त्याची घाई दिसते.

घरी करायला मी दिलं ते इतकंच की पोरगी झोपली की वीस मिनिटं टेरेसवर, दोन्ही मोबाईल खाली. पहिल्या आठवड्यात ते लाइट बिल आणि शाळेची फी यावरच बोलले आणि वैशालीला वाटलं हे काही जमत नाहीये. मी म्हटलं हे पण धरायचं, पहिल्या आठवड्यात मनातलं बाहेर येत नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिनं शाळेतला एक किस्सा सांगितला आणि तो हसला, असं तिनं मला येऊन सांगितलं.

पुढं एका रविवारी मुलीला घेऊन जोतिबा आणि पन्हाळ्याला गेले, कुठलंही निमित्त नव्हतं. तिथंही पार्किंगवरून वाजलंच, पण तबक उद्यानात बसून भाकरी-पिठलं खाईपर्यंत मिटलं होतं. दिवाळीला माहेरी किती दिवस राहायचं आणि सासूबाईंच्या बोलण्याचं काय करायचं, हे दोन्ही वाद अजून आहेत तिथंच आहेत. ते सुटतील असं मी त्यांना सांगितलेलं नाही. गॉटमन यांच्या मांडणीत जोडप्यांचे ६९ टक्के वाद असे कायमचे असतात, चांगल्या संसारातसुद्धा, फक्त त्यावर बोलताना एकमेकांचा अपमान होतो का नाही यात फरक असतो.

तुम्हीही असा दिवस ठरवत असाल तर ठिकाण जवळचं धरा, दोघांनी आपापली एकेक गोष्ट आधीच सांगून ठेवा, मला इथं थांबायचंय, मला अंधाराआधी यायचंय, आणि सासर-माहेर, पैसे असले विषय त्या दिवशी काढू नका. स्टेटस रात्री घरी आल्यावर टाका, काही बिघडत नाही.

हे सगळं लागू होतं ते जिथं दोघांना एकमेकांची भीती वाटत नाही तिथं. हात उचलला जात असेल, फोन तपासला जात असेल, पगार काढून घेतला जात असेल, बोलायच्या आधी घरातली बाई आवाजाचा अंदाज घेत असेल, तर तिथं बोलण्याची सुरुवात गोड करा हा सल्ला मी कधीच देत नाही. तो गप्पपणा वेगळा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यासाठी आहे आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, लगेच धोका असेल तर ११२. आणि जोडीदार दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस घेत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर ते तुमच्यावरचं प्रेम आटणं नसून डिप्रेशन असू शकतं, १४४१६ या टेली-मानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीतसुद्धा बोलता येतं.

एक प्रश्न राहिला, तो बायका जास्त विचारतात, नवरा यायला तयार नाही मग काय करू. एकट्या या. वैशालीसुद्धा एकटीच आली होती, आणि संदीप पुढच्या वेळी आला तो तिनं घरी जाऊन "मॅडमनी तुमच्याबद्दल काही वाईट बोललं नाही" एवढं सांगितल्यावर.