नीलमची अंगठी रोज घातली तर टिकते का?

टिकते, खडा अस्सल असेल तर बिनधास्त घाला. नीलम म्हणजे कुरुंद नावाचं खनिजच, माणकाचा सख्खा भाऊ. मोह्‌सच्या १ ते १० या कठीणपणाच्या मापावर ९. वर फक्त हिरा, १०. घरातल्या धुळीत गारेचे (क्वार्ट्झचे) कण असतात, ते ७चे. त्यामुळे पाचूपेक्षाही नीलमवर ओरखडे कमी पडतात. पण कठीण म्हणजे अभंग नव्हे हं, ओट्याच्या ग्रॅनाइटवर कड जोरात आपटली तर टवका उडू शकतो.

खरं दुखणं खड्याचं नसतं, सोन्याचं असतं. खडा धरणाऱ्या नख्या झिजतात. माझी एक नखी स्वेटरच्या धाग्यात अडकून उचलली गेली होती, खडा बोटाने हलवला की टकटक वाजायचा. वर्षातून एकदा सोनाराकडून तपासून घ्या. शनीसाठी घातलेली अंगठी खालून उघडी असते, तिथे कणीक आणि साबण हमखास साचतो; कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब आणि मऊ जुना ब्रश पुरे.

रंग खुलवायला नुसता तापवलेला नीलमही चालतो. भेगांत काच भरलेला मात्र रोजच्या वापराला घेऊच नका, लिंबाच्या रसानेही त्यातली काच खराब होते. काच भरलेली नाही असं बिलावर लिहून मागा.